कवरत्तीचं पाणी

कोचीहून बोटीनं लक्षद्वीपला गेलो. कवरत्ती बेटावर उतरलो नाही तोच धाकटा विचारतोय, "आई, नळाचं पाणी पिऊ?" मी चव घेतली. खारट नव्हतं. पण मैत्रिणींनो, गोडं पाणी म्हणजे स्वच्छ पाणी नव्हे! मागच्या एका सहलीत त्याचे जुलाब निस्तरता निस्तरता आमची सुट्टी संपली होती.

इथं नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी पोवळ्यांच्या वाळूत मुरतं आणि हलकं म्हणून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं. तेच विहिरीला येतं, पंपानं नळाला चढतं. विहिरी उथळ, अन् जवळच संडासाचे शोषखड्डे! २००५ साली इथं समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प सुरू झाला. म्हणून आधी विचारावं, "पाणी विहिरीचं की प्रकल्पाचं?" विहिरीचं असेल तर खळखळून उकळावं, चूळ भरायलाही तेच घ्यावं. उकळल्यानं जंतू मरतात, खारटपणा मात्र जात नाही.

आणि हो, आंघोळ एका बादलीत उरका. विहीर फार उपसली की खालचं खारं पाणी वर येतं. आपण चार दिवसांनी परततो. तिथल्या बायकांना त्याच विहिरीवर संसार करायचा असतो.