पाठीचा पोक आणि माझी चूक

"पोक काढून बसू नकोस!" हे वाक्य अलिबागच्या आमच्या घरी दिवसातून दहा वेळा ऐकू येई. पुढे १९७६ साली मी इस्राएलला आले, नर्स झाले, आयुष्यभर रोग्यांची सेवा केली. तरीही माझ्या हातून एक चूक झाली, ती आज कबूल करते.

माझी थोरली बहीण माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिची सारी उमेदीची वर्षे शिलाईच्या मशीनवर वाकून गेली. सत्तरीनंतर पाठीला चांगलाच पोक आला, उंची कमी झाली, वरच्या फळीवरचा मसाल्याचा डबा हाती लागेना. मी मोठ्या ऐटीत तिला शाळेतली कवायत सांगितली: ओणवी हो, पायांचे अंगठे धर! आठवड्याच्या आत अशी कळ आली की बिचारीने अंथरूण धरले. एक्स-रेत दिसले की हाडे ठिसूळ होऊन दोन मणके पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखे झाले आहेत. उंची घटणे ही त्याचीच खूण. दुसऱ्या कोणाची बहीण असती तर मी ती चटकन ओळखली असती.

मेयो क्लिनिकच्या डॉ. मेहरशीद सिनाकी यांचा १९८४ सालचा अभ्यास मी नंतर वाचला. हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रिया त्यात होत्या. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी शेकडा ८९ जणींचे मणके आणखी दबले. पाठ मागे ताणणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा १६ होते. काहीच न करणाऱ्यांतही ६७! वाचून मला घाम फुटला.

दुखणे ओसरल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने फिजिओथेरपिस्टने तिला साधेच व्यायाम दिले. खुर्चीत ताठ बसून खांद्यांची पाती मागे जवळ आणायची, पाच अंक मोजायचे, सोडायचे. पोटाखाली उशी घेऊन पालथे निजायचे आणि छाती किंचित, अगदी किंचित उचलायची. श्वास कोंडायचा नाही. खाली पडलेली वस्तू उचलताना कमरेत न वाकता गुडघे वाकवायचे. आणि रोज भिंतीला टाचा व पाठ लावून उभे राहायचे. हनुवटी वर न उचलता डोके भिंतीकडे न्यायचे. डोके व भिंत यांत किती बोटे मावतात, तेच आपले माप.

तरुण मुलांचा पोक बहुधा सवयीचा असतो, तो सरळ होतो. दबलेला मणका मात्र पुन्हा उभा राहत नाही. पाठीचे स्नायू बळकट झाले तर उरलेल्या कण्याला आधार मिळतो, इतकेच. बहिणीची सहा बोटे होती, वर्षभरात चार झाली.

एकटी असली की ती कंटाळा करते. म्हणून रोज सकाळी सातला मी दिमोनाला फोन लावते. ती फोन टेबलावर ठेवते, भिंतीला टेकते आणि मी अंक मोजते. परवा म्हणाली, "आज तीनच बोटं गो!" हनुवटी वर उचलली असणार, मला ठाऊक आहे.