सांध्याची पोचपावती

लोहमार्गावर गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणाऱ्या रचनेला रेल्वेच्या व्यवहारात सांधा किंवा पॉइंट म्हणतात, आणि लघुरेल्वेच्या छंदातील सर्वाधिक कष्ट व सर्वाधिक गैरसमज या एकाच घटकाभोवती गोळा झालेले आढळतात. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ मध्ये खुले झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक इंजिनांच्या देखणेपणाविषयी भरभरून बोलतो. त्या इंजिनांना वाट करून देणाऱ्या सांध्यांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. सर्वसामान्य वाचकाला समजेल असे लिहावे, ही दिवाळी अंकाच्या संपादकांची अपेक्षा रास्त असल्याने तांत्रिक तपशील शक्य तितका आवरला पाहिजे, परंतु तो पूर्णपणे गाळल्यास या विषयात सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही.

लघुरूपात उतरवण्यासाठी बारामतीइतके अनुरूप स्थानक शोधूनही सापडणे कठीण आहे. दौंडहून निघालेला सुमारे ४४ किलोमीटरचा फाटा येथे संपत असल्यामुळे इंजिनाने ओढलेली गाडी परत न्यायची असेल, तर इंजिन सोडवून एका सांध्यावरून शेजारच्या मार्गावर घ्यावे लागते आणि दुसऱ्या सांध्यावरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला आणून जोडावे लागते. हा फाटा पूर्वी ७६२ मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे नॅरोगेज होता. १:८७ या प्रचलित प्रमाणात ही रुंदी जवळजवळ ९ मिलिमीटर भरते आणि तेवढ्या रुंदीचे रूळ तयार मिळतात. आजच्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला मात्र १९.३ मिलिमीटर लागत असताना बाजारात युरोपातील १४३५ मिलिमीटरसाठी बनवलेले १६.५ मिलिमीटरचेच रूळ उपलब्ध असतात, त्यामुळे जुनी बारामती आजच्या बारामतीपेक्षा अधिक खरी साकारता येते. शेजारच्या इंदापूर शहराला रेल्वे नसली तरी तालुक्यातील भिगवण पुणे–सोलापूर या मुख्य मार्गावर असल्याने, थांबणाऱ्या व न थांबता जाणाऱ्या गाड्यांचे नियमन करू इच्छिणाऱ्या हौशी अभ्यासकाला तेथे अधिक वाव आहे.

सांध्यात स्थिर असलेल्या रुळाला स्टॉक रेल, त्याला टेकणाऱ्या किंवा त्यापासून दूर होणाऱ्या निमुळत्या रुळाला टंग रेल, आणि दोन मार्गांचे रूळ जेथे एकमेकांना छेदतात त्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या भागाला फ्रॉग म्हणतात. जुन्या पद्धतीत प्रत्येक सांध्यासाठी फलकावर स्वतंत्र बटण व तेथून मोटरीपर्यंत स्वतंत्र तारा असत. जर्मनीतील लेंझ या कंपनीच्या कामातून आकारास आलेल्या आणि १९९० च्या दशकात अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने प्रमाणित केलेल्या डिजिटल कमांड कंट्रोल, अर्थात डीसीसी, पद्धतीत वीज आणि आज्ञा दोन्ही एकाच जोडीच्या दोन तारांतून जातात: विजेची दिशा सतत उलटसुलट होत राहते, तिचा अर्धा फेरा ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘एक’ व १०० किंवा अधिक मायक्रोसेकंदांचा असेल तर ‘शून्य’ मानला जातो, आणि या एक-शून्यांच्या माळेतून आधी पत्ता, मग कृती व शेवटी पडताळणीचा अंक पाठवला जातो. सांध्यापाशी बसवलेले डिकोडर नावाचे छोटे सर्किट आपला पत्ता ओळखून मोटर फिरवते. पडताळणी जुळली नाही, तर ते ती आज्ञा सोडून देते.

येथेच एक जुना वाद उपस्थित होतो. डिकोडरला लागणारी वीज रुळांतूनच घ्यावी, म्हणजे तारा वाचतात, असा सल्ला नवख्यांना सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. धातूच्या फ्रॉगला सांध्याच्या स्थितीनुसार डाव्या किंवा उजव्या रुळाशी जोडावे लागते. गाडी उलट बाजूने, चुकीच्या स्थितीतील सांध्यावर आली, तर चाके फ्रॉगला पोहोचताच शॉर्ट सर्किट होते, वीज पुरवणारे बूस्टर स्वतःला बंद करते, आणि ज्या सांध्याची स्थिती बदलल्यास शॉर्ट दूर होईल, त्याचेच डिकोडर विजेअभावी आज्ञा ऐकू शकत नाही. मग इंजिन हाताने उचलणे एवढाच उपाय राहतो. सांध्यांसाठी वेगळे बूस्टर व वेगळ्या दोन तारा घेतल्यास हा पेच उद्भवत नाही, आणि एवढा खर्च टाळून महागडी इंजिने खरेदी करण्याची प्रवृत्ती कितीही समजावले तरी कमी होत नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

याहून गंभीर गैरसमज असा की, आज्ञा दिली म्हणजे सांधा बदलला. मूळ डीसीसी एकतर्फी आहे. आज्ञा साध्या टपालाने धाडलेल्या पत्रासारखी जाते, तिची पोचपावती येत नाही. नियंत्रणयंत्राच्या पडद्यावरील चित्र सांध्याची स्थिती दाखवत नसून शेवटची आज्ञा दाखवत असते. याउलट भारतीय रेल्वेत टंग रेल हलवणारा दांडा वेगळा आणि ती हलली की नाही हे तपासणारे दांडे वेगळे असतात. टंग रेलच्या टोकाजवळ ५ मिलिमीटर जाडीची पट्टी धरली असता सांधा कुलूपबंद होता कामा नये, अशी चाचणी घेतली जाते. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे सांध्याची स्थिती कळवणाऱ्या सर्किटमधील तारा चुकीच्या जोडल्या गेल्यामुळे सिग्नल मुख्य मार्गासाठी हिरवा आणि सांधा मात्र लूप मार्गाकडे, अशी विसंगती निर्माण झाली व त्यातून झालेल्या अपघातात २९० हून अधिक माणसे प्राणास मुकली. तेथे पोचपावती आली होती, पण ती खोटी होती. म्हणूनच लघुरेल्वेत मोटरीवरच बसवलेल्या स्विचवर समाधान मानणाऱ्यांशी प्रस्तुत लेखकाचे मतैक्य होऊ शकत नाही: तो स्विच मोटर फिरल्याचे सांगतो, तर मोटरीला टंग रेलशी जोडणारी बारीक तार निसटली असली तरी मोटर निर्वेध फिरतच राहते. तपासणीचा स्विच दोन्ही टंग रेलना जोडणाऱ्या आडव्या पट्टीवरच असला पाहिजे, आणि तोही मोटरीच्या विरुद्ध बाजूस. ५ मिलिमीटरचे लघुरूप ०.०६ मिलिमीटरही भरत नसल्याने मूळ चाचणी येथे शब्दशः घेता येत नाही, तथापि जाड कागदाची कपची टंग रेलच्या टोकाशी अडकवून स्विच फसतो की नाही हे पाहता येते, आणि बहुसंख्य मांडण्यांवरील स्विच या कसोटीत फसतात.

बारामती-इंदापूर भागात वीज अधूनमधून जाते, आणि त्यामुळे या व्यवस्थेला आणखी एका गोष्टीची जोड द्यावी लागते. वीज परत येताच सर्व्हो प्रकारच्या काही मोटरी क्षणभर झटका देतात. दरम्यान एखादा सांधा कोणी बोटाने सरकवला असेल, तर नियंत्रणयंत्राच्या स्मृतीतील नोंद आणि प्रत्यक्ष स्थिती यांचा मेळ राहत नाही. अशा वेळी सर्व सिग्नल लाल ठेवून एकेका सांध्याला पुन्हा आज्ञा द्यावी, आडव्या पट्टीवरील स्विचचे उत्तर येईपर्यंत थांबावे, आणि ज्या सांध्याचे उत्तर येणार नाही त्याच्या दोन्ही बाजूंच्या रुळांची वीज बंदच ठेवावी.