आधी पे-स्लिप, मग एचआर

पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत एचआर म्हणजे ऑफर लेटर पाठवणारी, दिवाळीला रांगोळी स्पर्धा भरवणारी आणि राजीनामा दिला की नोटीस पीरियडवर अडून बसणारी मंडळी. हेच चित्र डोक्यात घेऊन मराठी मुलंमुली मेलबर्नला एचआरचं मास्टर्स करायला येतात. मग ‘एम्प्लॉयमेंट रिलेशन्स’चा पेपर समोर येतो आणि पंचाईत होते. युनियन, संप, लवाद, किमान वेतन! लालबाग-परळच्या घरातून आलेल्यांनी 1982च्या गिरणी संपाच्या गोष्टी आजोबांकडून ऐकलेल्या असतात, पण त्या गोष्टींवर परीक्षा द्यावी लागेल असं कुणाला वाटलेलं नसतं.

दोष या शहराचा आहे. 21 एप्रिल 1856 रोजी मेलबर्न विद्यापीठाच्या बांधकामावरच्या पाथरवटांनी काम थांबवलं आणि वाटेतल्या कामगारांना सोबत घेत ते पार्लमेंट हाऊसपर्यंत चालत गेले. मागणी एकच : दिवस आठ तासांचा हवा आणि पगार कापायचा नाही. बांधकाम कामगारांनी ती पदरात पाडून घेतली. त्यानंतर 34 वर्षांनी, 1890 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. मेलबर्नमध्ये ट्रेड्स हॉलजवळच्या नाक्यावर आठ तासांच्या चळवळीचं स्मारक उभं आहे. त्याच्या टोकाला तीन आठ आहेत : काम, करमणूक आणि विश्रांती यांचे. शेजारीच आरएमआयटी विद्यापीठ असल्यामुळे एचआरचे विद्यार्थी बर्गर खात तिथून जा-ये करतात. वर पाहणारे थोडेच.

टार्नीट उपनगरात स्वस्तात खोली घेतलेल्यांची गाडी शहरात येताना सनशाइन स्टेशनवरून येते. इथे एच. व्ही. मॅके यांचा शेतीची यंत्रं बनवणारा कारखाना होता. ‘तिथली मजुरी न्याय्य आहे का?’ हा प्रश्न 1907 साली न्यायमूर्ती हिगिन्स यांच्यापुढे आला. त्यांनी मालकाला परवडतं किती, हे विचारण्याऐवजी घर चालवायला लागतं किती, ते पाहिलं. कामगारांच्या बायकांनी भाडं, किराणा, सरपण यांचा हिशोब सांगितला आणि अकुशल मजुराला दिवसाला सात शिलिंग हा दर ठरला. बायको आणि तीनेक मुलं पोसणारा पुरुष हेच कामगाराचं माप धरलं होतं. त्याची किंमत पुढे कितीतरी वर्षं बायकांनी कमी मजुरी घेऊन मोजली. ज्या कायद्याखाली हा निकाल दिला होता, तो पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने रद्द केला, पण माणसाच्या गरजेवरून मजुरी ठरवण्याची कल्पना टिकली.

वर्गात लुटुपुटीच्या वाटाघाटी होतात : निम्मे मालक, निम्मे युनियन. आपल्या मुलांना हमखास मालकाच्या बाजूला बसायचं असतं. युनियनकडे बसावं लागलं की चेहरे पडतात. पण भाषणबाजीला तिथे गुण नसतात. ‘रोस्टर बदलायचं तर किती दिवस आधी सांगणार?’ असल्या एका कलमावर तासभर घासाघीस चालते आणि शेवटी ज्याने करार नीट वाचलाय त्याचीच सरशी होते.

खरा पेपर मात्र संध्याकाळी असतो, रेस्टॉरंटच्या भटारखान्यात. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला 48 तासच काम करता येतं. देशाचं किमान वेतन जुलै 2025 पासून ताशी 24.95 डॉलर झालं. कॅज्युअल कामगाराला त्यावर 25 टक्के जास्त, म्हणजे 31 डॉलरच्या वर. आणि मालक? तो ‘आपलाच माणूस’ असतो, गणपतीत आरतीला शेजारी उभा राहतो आणि ताशी पंधरा-सोळा डॉलर रोख हातावर टेकवतो. ना पे-स्लिप, ना सुपर (मालकाने भरायची निवृत्तीची रक्कम). कुरकुर केली तर व्हिसाची आठवण करून देतो. सकाळी कामगार कायद्यावर निबंध सबमिट केलेली मुलगी संध्याकाळी हे मुकाट ऐकून घेते, कारण शनिवारी खोलीचं भाडं द्यायचं असतं. परदेशी शिकणाऱ्यांच्या कौतुकाच्या कहाण्यांत हा भाग सहसा नसतो.

खरं तर जाणूनबुजून कमी पगार देणं 1 जानेवारी 2025 पासून इथे फौजदारी गुन्हा आहे. पगार झाल्यावर कामकाजाच्या एका दिवसात पे-स्लिप देणं मालकाला बंधनकारक आहे. नोकरीवरून अन्यायाने काढलं, तर फेअर वर्क कमिशनकडे अर्ज करायला 21 दिवस मिळतात. बाविसावा दिवस उजाडला की मुदतवाढीसाठी हातापाया पडावं लागतं, आणि ती क्वचितच मिळते.

तेव्हा नुसती भरती, ट्रेनिंग आणि अप्रेझल शिकायचं असेल तर एवढं कर्ज काढून मेलबर्नला येऊ नये. पुण्यात एचआरचे अभ्यासक्रम आहेत, मुंबईत लेबर स्टडीज आहे, आणि परत जायचं असेल तर कायदेही तिथलेच लागणार. इथे यायचं ते एम्प्लॉयमेंट रिलेशन्सच्या त्या नावडत्या पेपरसाठी. आणि आलाच असाल तर पहिल्या दिवसापासून कामाचे तास वहीत लिहून ठेवा, रोस्टरचे फोटो काढा, मेसेज पुसू नका. बुडवलेल्या पगाराची मागणी सहा वर्षांपर्यंत करता येते आणि ‘फेअर वर्क ऑम्बुड्समन’ची मदत फुकट मिळते.