मुलांसह गुलमर्गला

आमच्या यवतमाळकडील मुलांना बर्फ ठाऊक असतो तो वैशाखांत गोळेवाल्याच्या गाडीवर किसला जाणारा. आकाशांतून पडणारा बर्फ ही त्यांच्या दृष्टीनें पुस्तकांतली गोष्ट. म्हणून गेल्या माघांत मुलांना घेऊन विमानानें काश्मिरांत जावें आणि बर्फावरून घसरण्याचा जो स्कीइंगचा खेळ, तो त्यांना गुलमर्गला शिकवावा, असा बेत यजमानांनीं काढला. आमची कन्या नऊ वर्षांची. तिच्याविषयीं प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो धाकट्या जाऊबाईंच्या चार वर्षांच्या बाळाचा. एका घरांत वाढलेलीं भावंडें. एकाला नेऊन दुसऱ्याला मागें ठेवणें कोणालाच बरें वाटेना. जाऊबाईंना दिवस गेलेले, त्यामुळें त्यांना व भावोजींना येणें शक्य नव्हतें. अखेर त्याच म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही आहांत ना, मग न्या त्याला." हें वाक्य किती जड असतें, हें दुसऱ्याचें मूल परगांवीं नेणाऱ्यांना सांगावयास नको.

मामंजींच्या लहानपणीं यवतमाळहून बाहेर पडावयाचें म्हणजे मूर्तिजापूरपर्यंत ११३ किलोमीटर 'शकुंतले'नें जावयाचें. त्या अरुंद रुळांच्या गाडीला १९९४ पर्यंत वाफेचें इंजिन होतें. आतां ती गाडीच बंद आहे. "आम्ही चालत्या डब्यांतून उतरून बोरें तोडीत असूं आणि पळत जाऊन पुन्हा चढत असूं," असें मामंजी सांगूं लागले कीं नातवंडांना विमानापेक्षां तीच गाडी हवीशी वाटे.

सामान बांधतांना एक गंमत ध्यानांत आली. ज्या कापसावर आमचा जिल्हा जगतो, तो बर्फांत अगदीं कुचकामाचा! सुती कपडा घाम व ओल धरून ठेवतो आणि अंग गार पाडतो. लोकर भिजली तरी पुष्कळशी ऊब राखते. तेव्हां मुलांचे सुती गंजीफ्रॉक बाजूला ठेवून आंतून-बाहेरून लोकरीचे कपडे घेतले, काळे चष्मे घेतले. ताजा बर्फ उन्हांतील अतिनील किरणांपैकीं सुमारें ८० टक्के किरण परत फेंकतो, त्यामुळें डोळे खालूनहि भाजतात. एवढी सारी तयारी मीं केली, आणि चुकलें तें भलत्याच ठिकाणीं.

नागपूरपर्यंत मोटार, तेथून दिल्ली, आणि दिल्लीला विमान बदलून श्रीनगर. निघण्याच्या आदल्या दिवसापासून बाळाचें नाक वाहत होतें. "किरकोळ आहे," असें मींच जाऊबाईंना म्हटलें. विमान वर चढतांना कानांतील हवा आपोआप बाहेर निसटते. उतरतांना मात्र बाहेरचा दाब वाढत जातो, आणि कान व घसा यांना जोडणारी बारीक नळी उघडल्यावांचून आंत हवा शिरत नाहीं. लहान मुलांची ही नळी अरुंद व आडवी असते. सर्दीनें ती सुजली म्हणजे कानाचा पडदा आंत ओढला जाऊन असह्य कळ येते. उपाय सोपा आहे. विमान उतरूं लागण्यापूर्वीं मुलाला जागें करावें व घोट घोट पाणी पाजावें. गिळतांना ती नळी उघडते. हें सारें मला ठाऊक होतें. परंतु खिडकींतून पीर पंजाळचीं पांढरीं शिखरें दिसूं लागलीं आणि मी तीं पाहतच राहिलें. बाळ शेजारीं गाढ झोपला होता. त्याला उठवणें जिवावर आलें. थोड्याच वेळांत तो डावा कान धरून किंचाळत उठला. मग पाणी पाजलें, पोटाशीं धरलें. पण विमान टेकेपर्यंतचीं तीं वीस मिनिटें मला अजून आठवतात.

श्रीनगरला डॉक्टरांनीं कान तपासला. पडदा लाल झाला होता, फाटला नव्हता. औषध देऊन त्यांनीं सर्दी उतरेपर्यंत उंचीवरची धांवपळ टाळावयास सांगितलें. त्यापायीं आम्ही दोन दिवस श्रीनगरलाच थांबलों आणि गुलमर्गच्या खोल्यांचे दोन दिवसांचे पैसे बुडाले. रात्रीं मीं घरीं फोन लावावयास घेतला, तों यजमान म्हणाले, "आतां कशाला सांगतेस? तिकडे उगीच जीव टांगणीला लागेल." तेंहि खरें होतें. तरी मीं सांगितलें. जाऊबाई क्षणभर कांहींच बोलल्या नाहींत. मग विचारलें, "जेवला का?" वरणभात जेवला, म्हटलें. "मग ठीक आहे." पण फोन मात्र त्यांनीं पुष्कळ वेळ खाली ठेवला नाहीं.

तिसऱ्या दिवशीं तंगमर्गला गमबूट भाड्यानें घेतले आणि चाकांना सांखळ्या बांधलेल्या मोटारीनें तेरा किलोमीटरचा चढ हळूहळू चढलों. गुलमर्ग सुमारें २,६५० मीटर उंच. इंग्रज अधिकाऱ्यांनीं १९२७ साली येथें स्की क्लब काढला. आतां केंद्र सरकारची स्कीइंग शिकविणारी संस्था येथें आहे, आणि २०२० पासून खेलो इंडियाचे हिवाळी सामनेहि भरतात. मोटारींतून उतरतांच बाळ ओरडला, "काकू, केवढा कापूस!" जिनिंगच्या आवारांत रुईचे ढीग पाहिलेलें तें पोर, धांवत जाऊन त्यानें बर्फांत हात खुपसले आणि लगेच मागें घेतले. "ओला आहे," तो तक्रारीच्या सुरांत म्हणाला.

कन्येला शिकवावयास एक तरुण काश्मिरी गृहस्थ मिळाले. पट्ट्यांचीं पुढचीं टोकें जवळ व मागचीं दूर, असा कोन केला कीं वेग मंदावतो. याला ते 'स्नोप्लाऊ', म्हणजे बर्फाचा नांगर, म्हणत. शेतकऱ्यांच्या जिल्ह्यांतील मुलीला तो चटकन उमगला. दुपारपर्यंत दहा-बारा वेळां पडून ती एक उतार सरळ उतरली. बाळाच्या पायांतहि दोन हात लांबीच्या पट्ट्या बांधल्या. पंधरा मिनिटें तो खुशींत होता. मग हातमोजे भिजले आणि ओठ निळसर दिसूं लागले. लहान मुलाच्या वजनाच्या मानानें त्याच्या त्वचेचा पसारा मोठा, म्हणून तें लवकर गार पडतें. लगेच आंत नेऊन शेगडीपाशीं बसविलें. अर्धा तास बाहेर व तासभर आंत, असा आमचा क्रम ठरला.

दुसरे दिवशीं वाद झाला तो गंडोल्यावरून. या आकाशपाळण्यांचा कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा १९९८ सालचा. २००५ साली सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, सुमारें ३,९५० मीटरपर्यंत नेतो. यजमानांना सर्वांसह तेथवर जावयाचें होतें. "इतक्या दूर येऊन अर्ध्यावरून परतावयाचें?" असें ते म्हणाले. बाळ तर पाळण्याकडे बोट दाखवून हट्ट धरून बसला. मीं त्यांना एवढेंच म्हटलें कीं, कान आपला असता तर मीहि आलें असतें. ते कांहीं बोलले नाहींत. कन्येला घेऊन कोंगडोरीपर्यंतच गेले आणि तासाभरांत परतले. तोंवर बाळानें व मीं बर्फाचा गणपति केला. सोंड कांहीं केल्या टिकेना. तीन वेळां गळून पडली. शेवटीं त्यानें तेथें आपला लोकरीचा मोजा लावला आणि पाळण्याचें नांव टाकलें.

परतीला सर्दी उतरली होती. तरी दोन्ही विमानांत उतरण्याची सूचना होण्याआधींच मीं त्याला जागें केलें व नळीनें पाणी पीत बसविलें. कन्या खडीसाखर चघळीत होती. शिखरांकडे मीं पाहिलें नाहीं.

यवतमाळला पोंचलों तेव्हां रात्रीचे दहा वाजले होते. जाऊबाई दारांतच होत्या. त्यांनीं बाळाला जवळ घेतलें, त्याच्या डाव्या कानांत कांहींतरी कुजबुजल्या आणि विचारलें, "काय म्हटलें मीं?" त्यानें तें मोठ्यानें सर्वांना सांगितलें : गुळाची पोळी ठेवली आहे. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वहिनी, हातपाय धुवा, पानें घेतें."