मूळ मशीन कुठलं होतं?

जुनी वस्तू दुरुस्त करायची तर ती होती तशीच करावी, नाहीतर तिला हात लावू नये, असं माझं कितीतरी वर्षं ठाम मत होतं. व्हिडिओ गेमच्या जुन्या मशीनमधला बोर्ड काढून त्यात छोटा कॉम्प्युटर बसवणाऱ्यांचा मला राग यायचा. बाहेरून जुनं लाकूड आणि आत शेकडो गेम भरलेलं नखाएवढं कार्ड, ही मला फसवणूक वाटायची आणि मी तसं बोलून दाखवायचे. आज माझ्या घरात असंच एक मशीन उभं आहे. त्यात रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर आहे, तो मी माझ्या हातानं बसवलाय, आणि बसवताना काही गमावल्यासारखं वाटलं नाही. हे मत का पालटलं ते नीट सांगायला हवं, कारण आधीचं मतही मी मनापासून बाळगलं होतं.

त्या मतामागे सातारा होता. नव्वदीच्या दशकात आमच्याकडे एसटी स्टँडच्या बाजूला एक पार्लर होतं. मुलींनी आत जायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी जातही नसे. दादा आत खेळायचा आणि मी दाराशी त्याचं दप्तर धरून उभी राहायचे. मला दिसायची ती मशीनची डावी बाजू, मुलांच्या पाठी, आणि दोन डोक्यांमधल्या फटीतून पडद्याचा एक तुकडा. त्या पडद्यावर 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' चालायचा. हा कॅपकॉमचा 1993 चा गेम, पण आपल्याकडे ते नाव कुणी उच्चारलंच नाही. त्यातल्या टोपीवाल्या गड्याच्या नावावरून अख्खा गेमच 'मुस्तफा' झाला. दाराशी उभं राहून पाहिलेलं ते सगळं जसंच्या तसं कुठेतरी असावं, ही माझी इच्छा होती. तिलाच मी पुढे तत्त्वाचं रूप दिलं.

पार्लर बंद पडून बरीच वर्षं झाली. मालकांच्या गोदामात एक मशीन उरलंय, नेणार असलात तर न्या, नाहीतर जळणात जाईल, असा दादाचा फोन आला आणि मी टेम्पो करून ते पुण्याला आणलं. तळाचं प्लाय ओलीनं फुगून पापडासारखं सुटत होतं, सनमायका कोपऱ्यांतून उचकटला होता, आणि आत उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. मला तेव्हा सोल्डरिंग आयर्न कुठून धरायचं तेही ठाऊक नव्हतं.

आमच्या गल्लीत टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. दुकान त्यांनी कधीच बंद केलं, पण हत्यारं ठेवलीत. ते म्हणाले, "ताई, आधी कशाला हात लावायचा नाही ते शिका." पिक्चर ट्यूबच्या काचेवर एक रबरी टोपी असते. तिच्याखाली वीस हजारांहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते तिथे राहू शकतात. काकांनी लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरला वायर बांधली, तिचं दुसरं टोक ट्यूबभोवतीच्या अर्थच्या जाळीला चिमट्यानं पकडलं, डावा हात पाठीमागे नेला आणि उजव्या हातानं स्क्रूड्रायव्हर अलगद टोपीखाली सरकवला. फाटकन आवाज झाला. एक हात पाठीमागे का, तर दोन्ही हात लागले तर करंटची वाट छातीतून जाते. हे वाचून कुणी एकट्यानं ट्यूबला हात घालू नये. माहीतगार माणूस शेजारी हवाच.

मग त्यांनी सीरिज बल्ब काढला. लाकडी पट्टीवर एक होल्डर, त्यात शंभर वॅटचा बल्ब, आणि मशीनला जाणारी वीज त्या बल्बातून. बल्ब भपकन पेटून लगेच मंद झाला तर ठीक. तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे, पण बल्ब सगळा भार अंगावर घेतो आणि मशीन जळत नाही. इतकी साधी आणि इतकी शहाणी गोष्ट मी त्याआधी पाहिली नव्हती. आमचा बल्ब लख्ख राहिला. सप्लायमधला एक डायोड गेला होता. तो बदलला, मग तपकीर गल्लीतून कंडेन्सर आणले. 85 डिग्रीचे होते तिथे काकांनी 105 डिग्रीचे घ्यायला लावले, कारण ट्यूबच्या मागे उष्णता फार आणि जुने कंडेन्सर त्यामुळेच सुकतात. सगळे बदलून झाल्यावर वरून दुमडलेलं चित्र सरळ झालं. इथवर मी माझ्या मताशी पूर्ण प्रामाणिक होते. जे होतं तेच परत, फक्त चालतं.

मत हललं ते कंट्रोल पॅनलच्या कामात.

पॅनलवरचा सनमायका खराब झाला होता म्हणून हेअर ड्रायरची गरम हवा देत सोलायला घेतला. एका खेळाडूला सहा बटणं होती. सनमायकाखाली आणखी एक सनमायका निघाला, निळा, आणि त्यात भोकं वेगळ्या जागी, तीन-तीनच. जुनी भोकं प्लायच्या चकत्या ठोकून आणि वर लांबी भरून बुजवलेली. चकत्या कुणीतरी मन लावून कापल्या होत्या, एकीचीही कड बाहेर आली नव्हती. नखानं लांबी खरवडली तर खाली आणखी एक भोक निघालं, जॉयस्टिकचं, अगदी मधोमध. म्हणजे कधीकाळी या मशीनला एकच जॉयस्टिक होती. मग मी टॉर्च घेऊन आत डोकावले. ट्यूब ज्या चौकटीवर बसते तिच्या स्क्रूंच्या भोकांचे दोन संच होते, एकमेकांशी काटकोनात. ट्यूब पूर्वी उभी होती. उभा पडदा म्हणजे 'पॅक-मॅन', 'गॅलागा', '1942' यांच्या जातीचा एखादा जुना गेम. नंतर कुणीतरी ती आडवी केली, पॅनल बदललं, 'स्ट्रीट फायटर' आल्यावर पुन्हा बदललं.

मी जे मूळ समजून जपायला निघाले होते ते निदान तिसरं रूप होतं. मुस्तफाला तर मारायला एक आणि उडी मारायला एक अशी दोनच बटणं लागतात. मी दाराशी उभी असताना मुलं सहा बटणांच्या पॅनलवर दोन बटणांचा गेम खेळत होती.

बोर्डानं उरलेलं काम केलं. चालू केलं की पडद्यावर नुसता रंगांचा कचरा यायचा. बोर्डांचं काम जाणणाऱ्या एकानं भिंगातून पाहून सांगितलं की हा कॅपकॉमचा नाहीच. चिपांवरचे नंबर खरवडून काढले होते, कुणी नक्कल करू नये म्हणून नक्कल करणाऱ्यानंच काढलेले. अशा नकली बोर्डांवर त्या काळातली पुष्कळ पार्लरं चालली. यातली एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. कॅपकॉमच्या काही अस्सल बोर्डांवर एक बॅटरी असते, तिच्या जोरावर कुलपाची किल्ली चिपमध्ये टिकते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड मुका होतो. नकली बोर्डांवर सहसा ही बॅटरीच नसते. म्हणजे कुणीही हात लावला नाही, तर अस्सल आधी मरतं.

त्यानंतर मी या मशीनांचा इतिहास वाचू लागले आणि माझं मत इतिहासातही टिकेना. निन्टेन्डोनं 1980 साली 'रडार स्कोप' काढला. अमेरिकेत त्याची सुमारे तीन हजार मशीन्स मागवली गेली, त्यातली दोन हजारांच्या आसपास पडून राहिली. ती मोडीत काढण्याऐवजी त्याच कॅबिनेटांत घालण्यासाठी नवा गेम करायला एका तरुणाला सांगितलं. तो तरुण शिगेरू मियामोतो आणि तो गेम 1981 चा 'डाँकी काँग'. 'मिस पॅक-मॅन'ची कथाही तीच. अमेरिकेतल्या काही तरुणांच्या जनरल कॉम्प्युटर नावाच्या कंपनीनं 'पॅक-मॅन'च्या मशीनवर चढवायचा एक जोडबोर्ड केला, त्याचं नाव होतं 'क्रेझी ऑटो'. मिडवे कंपनीनं तो घेतला आणि 1982 मध्ये तोच 'मिस पॅक-मॅन' म्हणून बाजारात आला. या धंद्यातल्या सर्वांत नावाजलेल्यांपैकी दोन खेळांचा जन्म जुन्या मशीनच्या रूपांतरातून झालाय.

आणि 1985 मध्ये तर जपानच्या उत्पादक संघटनेनं याचा नियमच केला. जॅमा म्हणतात तो जोड, 56 संपर्कांचा. वीज, चित्राचे लाल-हिरवा-निळा, आवाज, नाणं, जॉयस्टिक, बटणं, सगळं ठरलेल्या जागी. एक बोर्ड उपसायचा, दुसरा खुपसायचा, मशीन नवं. त्यात एका खेळाडूला तीनच बटणं धरली होती. 1991 मध्ये 'स्ट्रीट फायटर टू'ला सहा लागली, तेव्हा लाथांच्या तीन बटणांसाठी वेगळी वायरींची जुडी बाजूनं ओढावी लागली. ती जुडी माझ्या मशीनमध्ये आहे. इन्सुलेशन टेपनं गुंडाळलेली, वेगळ्या रंगाच्या वायरींची. चकत्या कापणारा आणि ही जुडी ओढणारा एकच माणूस असावा असं मला वाटतं. पार्लर चालवणारी माणसं मशीन जगवत होती, आणि जगवायचा त्यांचा मार्ग बदलणं हाच होता. मी त्यांच्या कामाला जुनं म्हणून हात जोडत होते, आणि तेच काम आज कुणी केलं की नाक मुरडत होते.

मी रास्पबेरी पाय बसवला तो त्याच 56 संपर्कांवर. जॅमाचा जोड एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला घेणारा छोटा बोर्ड मिळतो. एक वायर कापली नाही, एक भोक पाडलं नाही. उद्या अस्सल बोर्ड मिळाला तर हा उपसून तो बसवता येईल. उलट करता येणार नाही असं काही करायचं नाही, एवढी एक अट मी आधीच्या मतातून सोबत आणली आहे आणि ती सोडणार नाही.

एलसीडी बसवायचा सल्ला मात्र मी ऐकला नाही. मुस्तफाचं चित्र 384 बाय 224 ठिपक्यांचं आहे. ज्यांनी ते काढलं त्यांनी ट्यूबवर बघत काढलं. किरण ओळीओळीनं फिरतो, ठिपक्यांच्या कडा किंचित विरघळतात, आणि तेव्हा कुठे गाडीच्या रंगावर चकाकी आणि डायनोसॉरच्या कातडीवर खरखर दिसते. तेच चित्र एलसीडीवर ताणलं की चौकोनी ठोकळे होतात. अडचण अशी की साध्या कॉम्प्युटरचा व्हीजीए सिग्नल 31 किलोहर्ट्झच्या आसपासचा आणि ही ट्यूब 15 ची. चुकीचा सिग्नल दिला तर चेसिसला, म्हणजे ट्यूब चालवणाऱ्या सर्किटला धोका. म्हणून पायची सेटिंगं 15 वर आणेपर्यंत मी मॉनिटरला वीज दिली नाही. चित्र आलं तेव्हा काका खुर्ची ओढून बसले आणि रंगांचे स्क्रू पिळत राहिले, लाल थोडा कमी, निळा थोडा जास्त, चेहऱ्यांचा रंग मनासारखा येईपर्यंत.

एक गोष्ट टोचते आणि टोचत राहील. पायवर हा गेम चालवणारा मेम हा प्रोग्रॅम, निकोला साल्मोरिया या इटालियन माणसानं 1997 मध्ये सुरू केलेला, जुनी मशीन्स कशी चालत ते टिपून ठेवण्यासाठी आहे. तो मोकळा आहे, त्यात चालणारे गेम मोकळे नाहीत. त्यांचे हक्क कंपन्यांकडे आहेत, आणि शेकडो गेमांची कार्डं विकणाऱ्यांबद्दल माझा राग तसाच आहे. पण मुस्तफाचं काय करायचं? तो एका अमेरिकन कॉमिकवर बेतलेला, त्यामुळे हक्क वाटलेले, आणि पार्लरमधला तो गेम घरच्या कुठल्याही कन्सोलवर कधी आलाच नाही. कॅपकॉमनं 2018 मध्ये आपल्या जुन्या मारामारीच्या गेमांचा संच काढला, त्यातही तो नाही. विकत घ्यायला मी तयार आहे, कुणी विकत नाही. बोर्ड एकेक करून मरणार, आणि रूपांतर नको म्हणणाऱ्यांनी, म्हणजे पूर्वीच्या मी, तो गेम कुठे बघायचा हे कधी सांगितलं नाही.

दादा आला होता. त्याला पाय पटलेला नाही. तो म्हणतो, "तो बोर्ड दुरुस्त करायचा, कितीही वेळ लागू दे." आम्ही त्यावर दोन तास वाद घातला आणि मध्येच त्याची मुलगी जाऊन खेळायला लागली. ती आठवीत आहे. तिच्या मते जॉयस्टिक फार कडक आहे आणि बटणं छान आहेत. बोर्ड मी टाकलेला नाही, अँटिस्टॅटिक पिशवीत घालून मशीनच्या तळाशीच ठेवलाय. दादाला कुणी दुरुस्त करणारा सापडला तर त्यानं न्यावा.

आता प्रश्न ट्यूबचा. टीव्हीसाठी नव्या ट्यूब कुणी बनवत नाही, आणि हिची उमेद कमी होतेय हे निळ्या रंगावरून काकांना दिसतंय. ती गेली तर काय, हे मी आधीच ठरवलंय. पहिला प्रयत्न जुन्या टीव्हीतल्या ट्यूबचा. योक, म्हणजे मानेवरची तारांची गुंडाळी, आणि चेसिस यांच्याशी तिचं जुळेल का ते काका तपासतील. नाहीच जमलं तर एलसीडी बसवायचा, जुन्या चौकटीच्या त्याच भोकांवर, ट्यूबची काच आणि चेसिस जपून ठेवून. पूर्वी मी म्हटलं असतं, त्यापेक्षा बंद राहू दे. आता पुढच्या रविवारी जुन्या बाजारात जायचंय. भंगारवाल्यांना 20 इंची रंगीत टीव्ही दिसला तर न फोडता बाजूला ठेवायला सांगितलंय, आणि मागची मान तुटू नये म्हणून तो उचलायचा कसा ते काका स्वतः येऊन दाखवणार आहेत.