दोरा, नकाशा आणि बेळगुंदीची वाट

रात्रीची जपमाळ संपली आणि अंथरुणे पडली, म्हणजे आमच्या निपाणीच्या घरात पुस्तक उघडण्याची वेळ होते. ही रीत माझ्या वडिलांनी घातलेली. पूर्वी ते वाचीत आणि आम्ही भावंडे ऐकत असू. आता त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. म्हणून माझा अकरा वर्षांचा मुलगा वाचतो आणि ते ऐकतात. गेल्या पावसाळ्यात 'प्रेषितांची कृत्ये' चालू होती. विसाव्या अध्यायात एक लहानशी नोंद आहे. ती मी अनेकदा वाचली असेन, पण तेथे कधी थांबलो नव्हतो. त्रोवसहून अस्साला जाताना संत पौलाचे सोबती तारवातून गेले, आणि तो स्वतः मात्र पायी निघाला.

"तारू होते, तर चालत का गेला?" मुलाने विचारले. शास्त्रात कारण दिलेले नाही. वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "चालावेसे वाटले असेल त्याला."

मुलाचे एवढ्याने समाधान कुठले! त्याने पुस्तकाच्या शेवटी असलेला नकाशा काढला, आईच्या शिवणाच्या डब्यातून दोरा आणला आणि त्रोवस ते अस्स हे अंतर मोजले. सरळ रेषेत तीस किलोमीटरांहून थोडे अधिक भरले. दुसऱ्या रात्री आजोबांच्या ट्रंकेतले जुने सरकारी नकाशे बाहेर आले आणि त्यानंतर कित्येक दिवस आमच्या घरी पुस्तकापेक्षा नकाशाचेच वाचन अधिक झाले.

नकाशाही वाचायचा असतो, हे मी तेव्हा नव्याने शिकलो. या नकाशांवर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. निपाणीपासून बेळगावपर्यंतची पाने जमिनीवर जोडून मांडली, तेव्हा आमची निजण्याची खोली भरून गेली. मुलगा पोटावर पालथा पडून नावे वाची: तवंदी, संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी, काकती. आजोबा अंथरुणावरून पुढचे नाव आधीच सांगत आणि मधल्या खाणाखुणा भरीत. तवंदीच्या घाटात चढ कोठे दमवतो, हिरण्यकेशीवर पाणी किती गोड लागते, कोणत्या वडाखाली बैलगाड्या सुटत. नकाशावर वड नव्हता. तो आता रस्त्यावरही नाही.

दोरा वळणावळणाने लावला, तर तो दीड मीटर भरला. म्हणजे पंचाहत्तर किलोमीटर. ताणून सरळ धरला, तर एकसष्टच्या आसपास. "मधले चौदा किलोमीटर कोणी खाल्ले?" असे मुलगा विचारी, आणि आजोबा म्हणत, "डोंगरांनी आणि नद्यांनी." याच नादात एक गंमत सापडली. आमची निपाणी सत्तेचाळीस क्रमांकाच्या नकाशात आहे आणि बेळगाव अठ्ठेचाळीसमध्ये. सोळा अंशांचे अक्षवृत्त बेळगावच्या उत्तरेस सोळा-सतरा किलोमीटरांवरून जाते आणि तेथे नकाशाचे पान बदलते. बेळगावला आपण शेकडो वेळा गेलो असू, पण ही अदृश्य शिवण कोणाच्या ध्यानात येते?

हे नकाशे ज्या मोजणीवर उभे राहिले, तिची कथाही एका रात्री निघाली. विल्यम लॅम्ब्टन या अधिकाऱ्याने १८०२ सालच्या एप्रिलात मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी पोलादी साखळीने साडेसात मैलांची पायारेषा मोजण्यास आरंभ केला. ज्या टेकडीवर संत थोमाने रक्त सांडले अशी आपली परंपरा सांगते, तिच्याच पायथ्याशी हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय मोजणीचा उगम आहे. पुढे वीस वर्षे तो माणूस उन्हापावसात उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ साली हिंगणघाटास, आपल्या वर्ध्याजवळ, काम अपुरे टाकून मरण पावला. साखळी ओढणारे आणि सामान वाहणारे मजूर किती होते व कोण होते, हे नकाशावर कोठेच लिहिलेले नसते.

अर्थात मुलाच्या मनात बेत शिजला. दिवाळीच्या सुट्टीत निपाणीहून बेळगावपर्यंत पायी जायचे, तीन मुक्काम करायचे आणि फातिमा कॅथेड्रलमध्ये मिस्सा ऐकायची. सपाटीला तो धावणार होता आणि चढाला चालणार होता. वहीत वेळापत्रकही तयार झाले. आजोबांनी त्यात स्वतःचे नाव घालावयास लावले!

मला मात्र नाही म्हणावे लागले. तो मार्ग आता पुणे-बंगळूरचा हमरस्ता आहे. उसाच्या हंगामात भरलेले ट्रॅक्टर, रात्रंदिवस ट्रक आणि पायी चालणाऱ्यास कडेला हक्काची जागा नाही. लहान मूल आणि न दिसणारा म्हातारा घेऊन मी त्या रस्त्याने पाऊल टाकणार नव्हतो. मुलगा दोन दिवस बोलला नाही. वडीलही बोलले नाहीत, आणि ते मला अधिक लागले. ते पुन्हा कधी दूरवर चालतील, असे घरात कोणासच वाटत नव्हते. पुढच्या सुट्टीपर्यंत वाट पाहण्याइतका वेळ त्यांच्याजवळ होता की नाही, कोण सांगणार?

तोड वडिलांनीच काढली. "काकासाहेबांचे पुस्तक आण," ते म्हणाले. काका कालेलकरांचे नद्यांवरचे 'लोकमाता' आमच्या फळीवर होते. कालेलकर पुढे गांधीजींबरोबर गेले, हिमालयात पायी हिंडले. पण बेळगावच्या पश्चिमेस असलेल्या बेळगुंदी गावाशी त्यांच्या घराण्याचे नाते होते, आणि तिथल्या मार्कंडी नदीवर त्यांनी मोठ्या मायेने लिहिले आहे. मार्कंडी म्हणजेच मार्कंडेय. राकसकोपच्या जलाशयातून ती बेळगावला पाणी पाजते आणि पुढे गोकाकच्या बाजूस घटप्रभेला मिळते. तीन रात्री तेवढेच वाचन चालले. मग मुलाने अठ्ठेचाळीस क्रमांकाचे पान पुढे ओढले आणि दोरा पुन्हा हातात घेतला.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळची मिस्सा ऐकून मी व मुलगा बेळगावच्या कॅम्पातून हिंडलग्याच्या वाटेने निघालो. आजोबा मोटारीने पुढे बेळगुंदीस आले. भाताची कापणी चालू होती. मुलगा शेताच्या बांधावरून धावत पुढे जाई आणि नकाशा उघडून आमची वाट पाही. नकाशावरची एक पायवाट आम्हांला तासभर सापडली नाही. तेथे आता कुंपण घातलेले शेत होते. तेवढा वळसा पडला, आणि मुलाने वहीत दोऱ्याचा हिशेब दुरुस्त केला.

बेळगुंदीहून पुढे आजोबा उतरून चालू लागले. एक हात काठीवर, दुसरा नातवाच्या खांद्यावर. मी मागे राहिलो. कोठे खड्डा आहे, कोठे उतार आहे, हे मुलगा सांगे; वास आला की आजोबा सांगत, "येथे पाणी जवळ आहे." होतेही.

राकसकोपच्या आसपास राज्याची हद्द जाते. तुडये हे शेजारचे गाव चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात. १९५६ पर्यंत तो तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्यपुनर्रचनेत तालुका एकीकडे राहिला आणि बाकी जिल्हा दुसरीकडे गेला. त्या वादाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मुलगा नकाशावरची तुटक रेघ जमिनीवर शोधू लागला. एक बाई म्हशी राखीत होती, तिला त्याने विचारले, "मावशी, हद्द कुठे आहे?"

"हद्द व्हय? ती तलाठ्याला इचार बाळा. आमची म्हस दोन्हीकडं चरती."

आजोबा इतके हसले की त्यांना काठावर बसावे लागले. मग त्यांनी वहाणा काढल्या आणि पाय पाण्यात सोडले. अर्धा तास ते तसेच बसून होते. आम्ही घाई केली नाही.

त्या दिवशी ते तीन किलोमीटर चालले. दोऱ्याने सहा सेंटिमीटर.

रात्री निपाणीस परतल्यावर जपमाळ झाली, पण पुस्तक उघडले नाही. मुलगा स्वतःचा नकाशा काढीत बसला होता: कुंपण, म्हशी, आजोबा बसले ती जागा. आजोबा हात पुढे करून म्हणाले, "पेन्सिल जरा दाबून धर. रेघ बोटाला लागली पाहिजे." त्याने कागद उलटा केला, खाली घडी घातलेली गोधडी ठेवली आणि वाट पुन्हा पहिल्यापासून, जोर देऊन काढू लागला.