हद्दीचा मालक

मला कुत्र्याची हौस कधीच नव्हती. हौस होती ती पाण्याची. 2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. आम्ही ते प्यालो. त्या दिवसांत टँकर येऊन गेला की आमच्या गल्लीत लोक पिंपांना कुलपं लावायचे. कुलपापेक्षा कुत्रा बरा, असं हिनं ठरवलं आणि मी ते नेहमीप्रमाणे मान्य केलं.

चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवानी कुत्र्यांसाठी नावाजलेलं. तिथून पिल्लू आणलं. कारवानी म्हणजे लांब तोंड, आत ओढलेलं पोट आणि काटकुळे पाय. मुळात हा सशामागं धावणारा गडी. पण सहा महिन्यांत आमच्याकडं तलाठी झाला. फाटक, तुळस, पिंप, माझी स्कूटर अशी एकेक मिळकत त्यानं तंगडी वर करून सातबाऱ्यावर चढवली.

पोस्टमन दिसला की तो भुंकायचा. पोस्टमन पत्र टाकून जायचाच. पण 'मीच हाकलला' ही याची समजूत रोज पक्की व्हायची. मी आतून "ए, गप!" म्हणून ओरडलो की याला वाटे, मालकही आपल्या बाजूनं भुंकतोय. खरं सांगायचं तर आम्हाला त्याचा अभिमानच वाटायचा.

पुढच्या मे महिन्यात नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याहून दादा, म्हणजे माझे वडील, आले. न कळवता. पोराच्या घरी यायला कळवायचं कशाला? आम्ही दोघंही बाहेर. स्टँडवरून उन्हात चालत आलेला ऐंशीच्या घरातला माणूस फाटकाबाहेर, आत भरलेलं पिंप आणि मध्ये आमचा पहारेकरी. मी आलो तेव्हा दादा समोरच्या लिंबाखाली बसले होते. शेजारणीनं तांब्या दिला होता.

"लई इमानी हाय रे," दादा म्हणाले. "थेंबभर पाणी दिलं न्हाई यानं."

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी शिव्या दिल्या त्या मला, कुत्र्याला नव्हे. "मारू नका. मारलंत तर पाहुणा आला की मार बसतो, एवढंच तो शिकेल. फाटकाला पत्रा ठोका, म्हणजे रस्ता दिसणार नाही. कुणी येताना बांधून ठेवा. आणि पाहुणा आला की काहीतरी चांगलं मिळतं, हे त्याला कळू द्या."

ते काम दादांनी अंगावर घेतलं. कुत्रा बांधलेला, दादा रोज सकाळी लांब पाट टाकून बसायचे आणि ज्वारीच्या भाकरीचा तुकडा फेकायचे. त्याच्याकडं बघायचे नाहीत, बोलायचे नाहीत. रोज पाट वीतभर पुढं. "नवी सून अशीच रुळती," ते म्हणाले. ही माझ्याकडं बघत राहिली. दोनेक आठवड्यांनी कुत्र्यानं दादांचं धोतर हुंगलं आणि पाटाशेजारीच अंग टाकलं.

जाण्याआधी दादांनी फाटकाबाहेर लिंबाखाली एक माठ ठेवला, वर पितळी पेला. येणारा-जाणारा पाणी पितो. कुत्रा फाटकाच्या फटीतून बघतो, पण गप्प असतो.

एकदा माठ रिकामा दिसला, म्हणून मी तो उचलून आत आणू लागलो. कुत्रा माझ्यावर गुरगुरला. फेरफार झाला होता. मलाच तेवढी नोटीस मिळाली नव्हती. मी मुकाट्यानं माठ भरला.